वारा कुठून होता

ड्रोन आला तेव्हा मी आणि माझी थोरली बहीण पिकुनताई तुतीत पाला काढत होतो. सकाळचे सात वाजले असतील. रेशमाच्या आळ्या शेवटच्या खाण्यावर होत्या. या पाच-सहा दिवसांत त्या जन्माचं खाऊन घेतात. पाला घालून पाठ वळवावी, तोवर बांबूच्या डालीत नुसत्या शिरा राहतात. ताईच्या बोटांवर तुतीचा चीक वाळून काळी साल चढली होती. बँकॉकचं काम सोडून मी गावी परत आले त्यालाही वर्षं झाली, तरी माझी कंबर धरली होती, पण पाटी भरल्याशिवाय सरळ व्हायची सोय नव्हती.

आवाज उसातून आला. आमच्या तुतीला लागून पूर्वेला सावेंगदादाचा ऊस आहे, मध्ये फक्त हातभर बांध. ते यंत्र उसाच्या शेंड्यांवरून सरळ आमच्याकडे यायचं आणि बांधाशी येऊन वळायचं. वळताना त्याच्या पोटाखालचा पांढरा फवारा फाटायचा आणि तुतीवर सांडायचा. तोंडावर गार शिंतोडे बसले. ओठ चाटले तर कडू.

"अहो! बंद करा ते! बंद करा!" ताई बांधावर चढली. डोक्यावरची वेताची टोपी काढून ती दोन्ही हातांनी हलवत होती.

पलीकडे पिकअपच्या सावलीत एक जण हातात खोका धरून बसला होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "काय झालं?"

"सगळं इकडं येतंय! आळ्या आहेत आमच्या घरात!"

"मालकाला सांगा. मला जेवढं रान दाखवलंय तेवढं मी मारतो."

"मालक कुठंयत?"

"मला काय माहीत, बाई."

यंत्रानं आणखी चार फेऱ्या मारल्या. ताई बांधावर तशीच उभी राहिली, टोपी छातीशी धरून, जणू तिच्या अंगावर पडलेलं तरी झाडांवर पडायचं वाचेल.

आळ्यांना उद्या खा म्हणून सांगता येत नाही. आम्ही तळ्याच्या बाजूच्या, लांबच्या ओळीतला पाला काढला. घरी आणून तीन पाण्यांतून धुतला. ओल्या पाल्यानंही आळ्या आजारी पडतात, म्हणून पान न् पान फडक्यानं पुसलं. आई बसली, मी बसले, बुनथोमदाजी भाताच्या शेतातून आले तेही मांडी घालून बसले. ताईचा नवरा मोठा भिडस्त माणूस, आमच्या घरी येऊन राहिल्यापासून त्याचा आवाज कुणी फारसा ऐकला नाही. दुपारपर्यंत आम्ही चौघं पानं पुसत होतो. ताई प्रत्येक पान नाकाशी नेऊन हुंगायची. चार पानं घातली की एक बाजूला टाकायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती शांततेनं. आळ्या खातात तेव्हा खांबांवरच्या आमच्या घराखाली सारखी कुरकुर चाललेली असते, ती नव्हती. खाली उतरले तर ताई डाल्यांच्या मांडवात उभी. आळ्यांनी माना वर उचलून धरल्या होत्या आणि त्या माना हलवत होत्या, एकसारख्या, कुणी काही विचारावं आणि सगळ्यांनी नाही म्हणावं तशा. तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. अंगठ्याएवढ्या झालेल्या आळ्या आकसून अर्ध्या झाल्या होत्या. काही पिळून स्वतःच्याच भोवती वळल्या होत्या.

बावीस डाल्या होत्या. तीन वाचल्या, त्याही आमच्या शहाणपणानं नव्हे. त्यांतल्या आळ्या एक दिवस आधीच पिकल्या होत्या, त्यांनी खाणं सोडलं होतं, म्हणून आम्ही त्यांना कोष करायला चंद्रिकेच्या जाळीवर चढवलं होतं. बाकीच्या एकोणीस डाल्या दाजींनी केळीमागे खड्ड्यात ओतल्या. दुपारपर्यंत वास सुटला. ताईनं ओकारी काढली आणि तोंड धुऊन परत डाल्या घासायला बसली.

तेव्हा आई म्हणाली, "पिकुन, राग नको करू. हे आपलंच आहे. आपण काय कमी जीव उकळले?"

ताई घासायची थांबली. "आपण?"

नऊ वर्षांपूर्वी ताईचं लग्न झालं, त्या महिन्यात आईनं कोष उकळायचं सोडलं. चुलीवरच्या मडक्यातून धागा काढायची ती दुबेळक्याची काठी तिनं ताईच्या हातात दिली आणि म्हणाली, तू तरुण आहेस, पुण्य करायला तुझ्यापुढं आयुष्य पडलंय. माझ्यापाशी आता वेळ नाही. तेव्हापासून आई दर पौर्णिमा-अमावास्येला, उपोसथाच्या दिवशी पांढरी वस्त्रं नेसून विहारात जाते, आठ शीलं पाळते. ती पांढरी वस्त्रं त्याच धाग्याच्या पैशाची.

*

सावेंगदादाकडे ताईबरोबर मी गेले. तो अंगणात चार माणसांबरोबर चहा पीत होता. यंदाच्या कठिन चीवरदानाचा मान त्याचा होता. वर्षावास संपला की गावातर्फे भिक्खूंना चीवरं द्यायची, त्याचा सगळा खर्च त्यानं उचलला होता. मागच्या साली धम्मसभेच्या मंडपाला नवं छप्परही त्यानंच घातलं. अंगणात कठिनाच्या मांडवाचे बांबू पडले होते.

"ये पिकुन. लाम्याईचं कापड झालं का?" लाम्याई त्याची बायको. कठिनाच्या दिवशी नेसायला तिनं आमच्याकडे रेशमी नेसूचं विणायला टाकलं होतं. मागावर दीड हात राहिलं होतं.

"दादा, तुमच्या फवाऱ्यानं आमच्या एकोणीस डाल्या मेल्या."

"माझ्या फवाऱ्यानं?"

"तुमचा ड्रोन बांधावर वळत होता. मी हाका मारल्या. तुमच्या माणसानं ऐकलं नाही."

"बाई, ड्रोन माझ्या हद्दीत होता. त्याला नकाशा घालून दिलेला असतो, एक वीत इकडचा तिकडं होत नाही. तुतीवर रोग पडला असेल. पाला नीट धुतला नसशील."

"पान न् पान पुसलंय आम्ही."

"बरं, समज मेल्या." त्यानं कप खाली ठेवला. "तू तरी काय करणार होतीस त्यांचं? आठ दिवसांनी उकळत्या पाण्यातच घालणार होतीस ना? जिवंत? मग माझ्या औषधानं तर लवकर सुटल्या बिचाऱ्या."

माणसं हसली. एक म्हणाला, "दादानं हिचं पाप वाचवलं, उलट हिनंच काहीतरी द्यायला पाहिजे." पुन्हा हसली. ताईच्या मानेवरची शीर उडत होती ती मला दिसत होती. लाम्याई दारात उभी होती, हातात तांदळाचं सूप. ती हसली नाही. तिनं सूप पाखडायलाही सुरुवात केली नाही.

"मी विहारात येईन," ताई म्हणाली.

"ये की. विहार काय माझा आहे?" सावेंगदादा म्हणाला. "आणि कापड वेळेवर दे."

*

उपोसथाच्या दिवशी शीलं घेऊन झाल्यावर ताई उठली. मुख्य भंते तसे वयानं लहान, शहरातून शिकून आलेले, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावेंगदादाकडे पाहिलं. तो पुढच्या रांगेत होता.

"भंते, खरं सांगतो," तो हात जोडून म्हणाला, "त्या सकाळी वाराच नव्हता. उसाचं पान हलत नव्हतं. वारा असता तर मी फवारलं असतं का? औषध काय फुकट मिळतं?"

भंत्यांनी खांद्यावरचं चीवर सारखं केलं. मग म्हणाले, "पिकुन उपासिके, तुझं नुकसान झालं, वाईट वाटतं. पण तू ज्या कामावर जगतेस ते काम जीव घेण्याचं आहे. असल्या कामातून आलेलं टिकत नाही. कर्म परत येतं, कुणाच्या हातून येतं याला महत्त्व नसतं. आता सावेंगवर राग धरून त्यात आणखी भर कशाला घालतेस?"

"भंते, तुमच्या मागच्या कपाटात ग्रंथ आहेत. ज्या रेशमात गुंडाळलेत ते माझ्या आईनं उकळलंय. त्याच्या आधीचं आजीनं."

"दिलेल्या दानाला दोष लागत नाही."

"म्हणजे दोष तेवढा मडक्यापाशी राहतो," ताई म्हणाली, "आणि कापड इथं येतं."

कुणीतरी चुकचुकलं. भंत्यांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात सावेंगदादा वळून बसला, सगळ्या बायकांकडे तोंड करून. "बघा, कशी बोलते. विहारात! अगं, तुझ्या पोटी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, ते का गेलं हे मी सांगायला पाहिजे का? या बायका इतकी वर्षं आपसात बोलतायत. दुसऱ्याची कोषातली पिल्लं शिजवायची आणि..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती. बायका मांडीकडे बघत होत्या. त्यांतल्या निम्म्या तरी ताईच्या हातचं रेशीम नेसून आल्या होत्या. आई पहिल्या रांगेत, पांढऱ्या वस्त्रात, स्वतःच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. दाजी खांबाला टेकून उभे होते, ते बाहेर निघून गेले. आणि मी? मी ताईच्या शेजारी बसले होते. माझा गुडघा तिच्या पायाला लागत होता. माझं तोंड उघडलं नाही.

ताई कोरड्या डोळ्यांनी बाहेर आली. चपला उलट्यासुलट्या घालून ती फाटकाकडे निघाली तेव्हा चाफ्याखाली खाम्फान भंते झाडत होते. म्हातारे, गावातलेच. सभेत ते सगळ्यांत मागे दारापाशी बसतात, तिथून नुकतेच उठून आले होते.

"थांब पोरी. ऐकलं मी," ते म्हणाले. "मला पित्ताचा त्रास आहे. पित्त वाढलं की डोकं फुटतं. मागच्या जन्मीच्या कर्मानं फुटतं म्हणून बसून राहिलो तर औषध कोण घेईल? माणसाला दुखतं त्याची बुद्धानं आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, हवापाणी... कुणी मारलं म्हणून दुखतं, तेही त्यात आहे. कर्माचं फळ हे आठवं. लोक सात सोडून थेट आठव्यावर जातात. सोयीचं पडतं."

"मग उकळायचं पाप नाही म्हणता?"

"आहे. ते मी तुला धुऊन देणार नाही. पोटासाठी करतेस, करताना माफी मागतेस, तेही धरलं जातं. पण जीव गेला तो गेला. ते तुझं. फवारणी त्याची. एकाचं उचलून दुसऱ्यावर घालता येत नाही. न कळत पाय पडला तर एक गोष्ट, कळून पाय ठेवला तर दुसरी. त्याला कळत होतं का, हे त्यालाच ठाऊक."

"हे तुम्ही आत का बोलला नाही?"

त्यांनी दोन-चार फुलं झाडून ढिगावर लोटली. "त्यानं घातलेल्या छपराखाली मी पावसाळाभर झोपलो. भ्यालो. ते माझं."

*

तीन डाल्यांतल्या आळ्यांनी कोष केले. पिवळेधमक, हळदीच्या गाठीसारखे. कोष सोडवून ताईनं टोपल्यांत भरले आणि टोपल्या मडक्याशेजारी ठेवून दिल्या. चूल पेटवली नाही.

"मी उकळणार नाही," ती म्हणाली. "ज्यांना पाप लागत नाही त्यांनी उकळावं."

दाजींनी दोन दिवस वाट पाहिली. मग म्हणाले, "पाखरं कोष फोडून बाहेर येतील. मग सूत कशाचं निघतंय? आहे तेवढंही जाईल."

"जाऊ दे."

"खायचं काय?"

"सावेंगदादाकडे पुण्य आहे ना पुष्कळ. मागून आणा मूठभर."

मी म्हटलं, मी बसते मडक्यापाशी. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी काठी होती तिथं ठेवली. "तू आधी विहारात जा आणि तिथं उभी राहून सांग, की मी उकळणार आहे. मग बस," ती म्हणाली. मी गेले नाही. घरात आम्ही चौघं एकाच ताटलीतून चिकट भात आणि माशाचं खारं खात होतो, आणि हात एकमेकांना लागू न देता उठत होतो. आई मोठ्यानं सूत्रं म्हणायची. ताई मुद्दाम त्याच वेळी लाकडं फोडायची.

सातव्या दिवशी दुपारी लाम्याई आली. एकटीच. कापडाचं विचारायला आली असं म्हणाली.

"वहिनी, दीड हात राहिलंय," ताई म्हणाली. "सूत संपलं. हे कोष आहेत. उकळून दिलंत तर विणते."

"मी?"

"का? तुम्हीच नेसणार ना?"

मला वाटलं, आता ही उठून जाईल. लाम्याई गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरची बाई, हातात दोन सोन्याच्या बांगड्या. तिनं मडक्याकडे पाहिलं. मग बांगड्या काढून कमरेला खोचल्या आणि चुलीपुढं बसली. मी चूल पेटवली. पाण्याला बुडबुडे आले तशी तिनं न विचारता ओंजळ-ओंजळ कोष सोडले, काठीच्या दुबेळक्यानं दाबले, उलटवले, आणि वाफेत हात घालून बारीक धाग्याचं टोक अचूक उचललं. वरच्या चाकातून ते ओवलं. एका हातानं ओढायचं, एका हातानं कोष हलवत राहायचं. ताई बघतच राहिली.

"माहेरी चार मडकी होती आमच्या," लाम्याई म्हणाली. "लग्नात ह्यांनी अट घातली, आमच्या घरी हे चालणार नाही. वीस वर्षं झाली."

एक टोपली तिनं तशीच संपवली. तिची बोटं लाल झाली, फुगली. धागा निघालेल्या कोषातले किडे तळाशी उघडे पडत होते, ते ती झाऱ्यानं काढून केळीच्या पानावर ठेवत होती. एक तिनं तोंडात टाकला. लहानपणी टाकत असणार तसाच, लक्ष नसताना. मग एकदम थांबली.

"त्या दिवशी वारा होता," ती म्हणाली. "तुमच्याकडेच होता. मी म्हटलं ह्यांना, आज नको, पिकुनच्या आळ्या शेवटच्या खाण्यावर आहेत, वारा पडू दे. म्हणाले, ड्रोनवाला उद्या मिळत नाही. किड्यांसाठी मी ऊस थांबवू?"

ताईनं आवाज चढवला नाही. "हे विहारात सांगाल?"

लाम्याईनं चाकावरचं सूत गाठ मारून सोडवलं.

"वहिनी, मी विचारतेय."

"मला त्याच घरात राहायचंय, पिकुन."

"मग इथं कशाला सांगितलंत? माझ्या पोटात ठेवायला? तिथं अजून जागा आहे असं वाटलं तुम्हाला?"

लाम्याईचा चेहरा पडला. ती उठली, बांगड्या हातात घातल्या. सुजलेल्या बोटांवरून त्या जाईनात. "कापड नको मला," एवढंच म्हणून ती गेली. सूत तिथंच राहिलं.

ताईनं ते उचलून खुंटीला टांगलं. मग स्वतः चुलीपुढं बसली. नेहमीसारखे हात जोडून कोषांची माफी मागितली आणि उरलेल्या टोपल्या ओढल्या. "माझं ते मी करते," ती म्हणाली. मला म्हणाली की मडक्याला, ते कळलं नाही. धागा ओढताना तिचा जबडा घट्ट मिटलेला होता. पापण्यांवर वाफ जमत होती आणि ती पुसत नव्हती.

वर घरात सूत्रांचा आवाज कधीच थांबला होता. फळ्यांच्या फटीतून आईचं पांढरं वस्त्र दिसत होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

*

कठिनाच्या दिवशी ताई आली नाही. तिनं फवाऱ्याखाली आलेली तुती बुडापासून छाटायला घेतली होती. मी आणि आई गेलो.

मंडप माणसांनी भरला होता. ढोल झाले, नाच झाला, नोटा टाचलेली पैशाची झाडं सजवून आणली. सावेंगदादा पिवळ्या रेशमी सदऱ्यात होता. त्याच्याशेजारी लाम्याई साध्या सुती नेसूच्यात. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. सगळ्यांनी पंचशील घेतलं. सावेंगदादानं चीवरांचं तबक डोक्याशी धरून माईक जवळ घेतला, तेव्हा पहिल्या रांगेतून आई उठली. गुडघे धरून, हळूहळू.

"सावेंग, त्या दिवशी वारा कुठून होता?"

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "मावशी, नंतर बोलू."

"वारा कुठून होता तेवढं सांग. मग बसते."

मुख्य भंते म्हणाले, "उपासिके, ही दानाची वेळ आहे."

"व्हय भंते. पण दानाआधी त्यानं शील घेतलं. चौथं शील खोटं न बोलायचं. आत्ताच घेतलंय, अजून तोंडातच आहे. म्हणून आत्ताच विचारते." आईचा आवाज मोठा होता. चाळीस वर्षं ती या मंडपात बसली, पण एवढा आवाज तिनं कधी केला नव्हता. "तुझी आई आणि मी एका मडक्यावर बसायचो. तू त्यातले किडे मागून मागून खायचास. सांग."

"वारा नव्हता!" सावेंगदादा ओरडला. ते माईकमधून साऱ्या गावभर गेलं.

लाम्याईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर चीवरांकडे बघत ती म्हणाली, "पूर्वेचा होता. मी तुम्हाला सांगितलं होतं." माईक तिच्याही जवळच होता.

मग काय झालं? मला वाटलं होतं काहीतरी होईल. मुख्य भंत्यांनी घसा साफ केला आणि आशीर्वचन सुरू केलं. इतर भिक्खू त्यांच्या मागून म्हणू लागले. खाम्फान भंते तेवढे गप्प बसले होते, डोळे उघडे ठेवून. चीवरं दिली, तीर्थाचं पाणी शिंपडलं, पंगती बसल्या. लोक भाजलेलं डुक्कर खात होते आणि सावेंगदादाच्या पंगतीचं कौतुक करत होते. कुणी आईजवळ आलं नाही. एक बाई आली आणि म्हणाली, "मावशी, आजच्या दिवशी नको होतं." तिच्या अंगावर ताईनं दोन वर्षांपूर्वी विणलेलं निळं रेशीम होतं. मी तिला म्हटलं, "मग कुठल्या दिवशी?" एवढंच मला जमलं, तेही उशिरा.

हे आधीच सांगून टाकते. सावेंगदादा माफी मागायला आला नाही, आजपर्यंत नाही. भरपाईचं कुणी नाव काढलं नाही. लाम्याई अकरा दिवस बहिणीकडे राहिली आणि परत गेली. फक्त फवारणीच्या आदल्या दिवशी आता त्याचा गडी आमच्या फाटकाशी येतो, आत न येता ओरडतो, "उद्या आहे!" आणि जातो.

*

कठिनाहून आम्ही घरी न जाता थेट तुतीत गेलो. आईलाच तिकडे जायचं होतं. उन्हात ती पांढऱ्या वस्त्रात धापा टाकत बांधावरून चालत होती. ताई अर्धी ओळ छाटून पुढं गेली होती, मागं नुसते बुडखे उरले होते. घामानं तिचा सदरा पाठीला चिकटला होता.

मी सगळं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं. कोयत्याला चिकटलेला चीक अंगठ्यानं काढला.

"बरं केलंस, आई," ती म्हणाली.

आईचा चेहरा उजळला. ती पुढं सरली, ताईच्या दंडाला हात लावायला. ताई मागं झाली.

"तू पण आत्ता शील घेतलंस ना?"

"व्हय."

"तोंडातच आहे अजून?"

आईनं हात खाली घेतला.

"मग मी पण विचारते. दुसऱ्या खेपेला मला पाचवा महिना होता. आरोग्य केंद्रात तू माझ्याबरोबर होतीस. नर्सनं काय सांगितलं होतं?"

वारा पडला होता. उसाचं पान हलत नव्हतं. आई बुडख्यांकडे बघत होती.

"रक्त कमी आहे म्हणाली," ती अखेर म्हणाली. "वजन उचलू देऊ नका म्हणाली."

"आणि पाट्या?"

"पिकुन..."

"आळ्या शेवटच्या खाण्यावर होत्या तेव्हा. दिवसाला सहा पाट्या. तळ्यापासून घरापर्यंत. कुणी उचलायला लावल्या?"

मी त्या वेळी बँकॉकला शिवणकामाच्या कारखान्यात होते. ते मनात आलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटण्याची लाज वाटली.

"मी," आई म्हणाली.

"पाच वर्षं तू सगळ्यांना सांगत आलीस, किड्यांनी नेलं म्हणून. मलासुद्धा. मी रोज मडक्यापुढं हात जोडून त्यांना विचारत होते, माझं बाळ का नेलंत."

आई खाली बसू बघत होती, पण तिथं बसायला काही नव्हतं, नुसते तिरके कापलेले बुडखे. ती तशीच वाकून उभी राहिली. मी तिला धरायला पुढं झाले, तर ताई म्हणाली, "राहू दे तिला."

तिनं पुढचं झाड डाव्या हातानं धरलं आणि कोयता घातला. एका घावात तुटलं. मग त्याच्या पुढचं. अख्खी ओळ ती संपवून तळ्यापर्यंत गेली आणि एकदाही मागं वळली नाही. आई उन्हात उभी होती. मी दोघींच्या मध्ये उभी होते, आणि छाटलेल्या फांद्या गोळा करायला लागले.